भाकरीगणिक एक नाव

एस्तेरबाई साळवे ताम्हिणीच्या ढाब्यावर भाकऱ्या थापत. एकेक भाकरी थापताना एकेका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, ही त्यांची जुनी सवय. ढाब्याचे मालक विश्रामभाऊ चेष्टा करायचे, "बाई, आता कुनाची भाजताय?"

"तुमचीच. लई फुगली हाय."

२००३ साली धाकटी जाऊ मार्था चर्चमध्ये चारचौघींना म्हणाली, की सासूच्या आजारपणात एस्तेरबाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं तर सहा महिने सासूला त्यांनीच भरवलं होतं. त्या दिवसापासून मार्थाचं नाव प्रार्थनेतून गळलं. चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे; येशूची आठवण म्हणून सगळे भाकरीचा तुकडा घेत. पुढे दोनदा त्याचं ताट समोर आलं, तेव्हा मनात अढी ठेवून कसं घ्यायचं म्हणून त्यांनी ते तसंच पुढे दिलं.

तिसऱ्या महिन्यात, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांनी उंडा हातात घेऊन मार्थाचं नाव घेतलं. पुढे शब्द सुचेनात. "हिचं बरं कर," एवढंच म्हणून भाकरी तव्यावर टाकली. राग काही गेला नव्हता.

रविवारी चर्चला निघताना त्या मार्थाच्या दारात थांबल्या. "तू बोललीस ते मला लई लागलं. तरी बी चल, संगं जाऊ."

मार्था खाली बघत म्हणाली, "थांबा अक्का, चप्पल घालते."