अंतरपाट खाली येताना

करवलीच्या हातात दिवा असतो, कॅमेरा नसतो, हे आत्यानं मला त्या दिवशी सकाळपासून सतरा वेळा ऐकवलं. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. नवरीची मोठी बहीण म्हणून मी शकुनाचा दिवा घेऊन तिच्या मागं उभं राहायचं, पदर सावरायचा आणि हसतमुख दिसायचं, एवढंच माझं काम. मी मात्र नव्याकोऱ्या साडीवर कॅमेऱ्याची काळी पिशवी अडकवून कार्यालयभर हिंडत होते.

"आगं, तू करवली हायस का फोटोवाली?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही कसं जमंल? हात दोनच हायत तुला."

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

खरं तर माझ्या फोटोंवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. मुलाकडच्यांनी फोटोवाल्यांची अख्खी पलटण बोलावली होती. व्हिडिओवाले, दिवे धरणारे, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. मला सांगितलं होतं फक्त आईनं. लग्नाच्या आधी माहेरी गेले तेव्हा ती परातीत अक्षतांच्या तांदळाला कुंकू चोळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अंतरपाट काढत्यात तवा तिचं तोंड कसं दिसतंय, तेवढं मला दाव."

"अगं, व्हिडिओत येईल की."

"ते नगं. ते पुन्यांदा हार घालाय लावत्यात. मला खरं दाव."

आमच्यात मुलीच्या आईनं मंगलाष्टकं चालू असताना लग्न बघायचं नसतं. तिनं तुळशीपुढं बसायचं, तांब्यातलं पाणी थोडं थोडं घालत राहायचं आणि अक्षता पडेपर्यंत वळायचं नाही. ज्या लग्नासाठी ती वर्षभर राबते, त्याचा नेमका तेवढाच भाग तिला दिसत नाही. का, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. "आपल्यात तसंच हाय," यापलीकडं उत्तर मिळालं नाही. माझ्या लग्नातही आई अशीच पाठ करून बसली होती. माझा अल्बम उचलताना हात भरून येतो एवढा जाड आहे, पण त्यात त्या क्षणाचा म्हणून जो फोटो आहे, त्यात मी हार अर्धवट उचलून सरळ कॅमेऱ्याकडं बघून हसते आहे. फोटोवाला ओरडला होता, "ताई, इकडं!" फोटो झकास आलाय. मोठा करून शिरवळच्या घरात भिंतीवर लावलाय.

शिरवळला आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळं आलो. त्याची रात्रपाळी असली की दिवसा घरात आवाज करायचा नाही. त्या शांततेत मी वेडी होईन की काय असं वाटायला लागलं, तेव्हा एक जुना कॅमेरा घेतला आणि धरणाच्या पाण्याकडं जायला लागले. बगळे, बदकं, जे बसेल ते. शिकवायला कुणी नव्हतं. एवढंच कळलं की पाखराला "इकडं बघ" म्हणता येत नाही. आपणच चिखलात गप बसायचं. गप बसणं हा माझा गुण नव्हेच, तरी तेवढ्यापुरतं जमायला लागलं.

बहिणीला मात्र मी पढवून ठेवलं होतं. "अंतरपाट खाली आला की समोर बघायचं. नवऱ्याकडं. कॅमेऱ्याकडं तर अजिबात नाही. मान हलवायची नाही."

"तू मला बगळा समजतीस का गं?" ती म्हणाली.

लग्न तासगावच्या रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. मुलगा सैन्यात, घरची द्राक्षबाग. त्याच्या सुट्टीच्या हिशेबानं तारीख धरली आणि ती नेमकी बेदाण्याच्या हंगामात आली. त्यात सकाळपासून आभाळ भरलेलं. मुलाकडची निम्मी माणसं फेटे बांधून दारात उभी राहून वर बघत होती. शेडवर माल वाळत पडला होता, दोन थेंब आले तरी वाट लागली असती. मीही वरच बघत होते. मला उजेडाची काळजी होती. हॉलमध्ये जांभळे दिवे लावले होते, त्यात माणसं आजारी दिसत होती, आणि फ्लॅश मला मारायचा नव्हता. एक फेटेवाले मामा माझ्याशेजारी येऊन म्हणाले, "तुमचाबी माल हाय का शेडवर?"

मुहूर्त टळला. माईकवाला पाहुण्यांची नावं संपवेना. शाल, नारळ, टाळ्या, पुन्हा शाल. मी बॅटरी बघितली. कार्ड बघितलं. पुन्हा बॅटरी बघितली. बाजूच्या उघड्या दारातून कार्यालयाचं सिमेंटचं तुळशीवृंदावन दिसत होतं आणि त्यापुढं आई, तांब्या मांडीवर घेऊन, केव्हाची येऊन बसलेली. पाठमोरी. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की अजून सत्कारच चाललेत.

मंगलाष्टकं सुरू झाली तसा मी दिव्याचं ताट आत्याच्या हातात कोंबलं. "धर."

तिनं डोळे वटारले. पण हातात पेटता दिवा आणि समोर सगळे पाहुणे, बोलणार काय? मी स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसले.

"मॅडम, फ्रेममधी येताय," व्हिडिओवाला म्हणाला.

"तुम्ही माझ्या फ्रेममध्ये येताय," मी म्हटलं आणि जागची हलले नाही.

शेवटचं सावधान झालं. अंतरपाट सर्रकन खाली आला, बँड दणाणला, चारी बाजूंनी अक्षता. काही माझ्या मानेवर, काही भिंगावर. मी बटण दाबलं. आणि त्याच क्षणी माझ्या बहिणीनं मान वळवली. नवऱ्याकडं नाही, कॅमेऱ्याकडं नाही, भलतीकडंच. "अगं, समोर!" मी ओरडले. बँडमध्ये माझं मला ऐकू आलं नाही. मग कुणाचा तरी खांदा आडवा आला, हार गळ्यात पडले, आणि संपलं.

पुढं आई म्हणाली होती तसंच झालं. व्हिडिओवाल्यानं दोघांना पुन्हा हार काढायला लावले, पुन्हा घालायला लावले. "ताई, थोडं लाजा." आई तोपर्यंत आत आली होती. ओला हात पदराला पुसत स्टेजच्या खाली उभी राहून ती ते दुसऱ्यांदाचं लग्न बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. कुणाच्या तरी घरचं कार्य बघावं तशी.

पंगतीत माझं जेवणात लक्ष नव्हतं. मांडीवर कॅमेरा धरून मी तोच एक फोटो लहानमोठा करून बघत होते. पापण्या, मुंडावळ्या, गालाला चिकटलेला कुंकवाचा तांदूळ, सगळं लख्ख. पण नजर भलतीकडं. चिखलात दिवसभर बसावं आणि ऐन वेळी पाखरानं पाठ फिरवावी तसं झालं. एवढं एकच मागितलं होतं आईनं. आजवर तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पाठवणीच्या आधी नवरीच्या खोलीत आई पिशव्या भरत होती. आम्ही दोघीच होतो. बहीण बाहेर मोठ्यांच्या पाया पडत होती.

"गावलं का?" आईनं विचारलं.

"गावलं आणि नाही पण गावलं. मान वळवली तिनं. एवढं बजावलं होतं."

"दाव तर."

मी तिला कॅमेरा दिला. चष्मा कुठल्यातरी पिशवीत गेला होता, म्हणून तिनं तो आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ती बघत राहिली. मग पडद्यावर बोट ठेवलं तसा फोटो एकदम मोठा झाला आणि नुसता डोळाच दिसायला लागला. ती दचकली. "गेलं का गं?"

"नाही, आहे." मी परत होता तसा करून दिला.

"कुनाकडं बघत्या ही?"

कुणास ठाऊक, असं माझ्या तोंडात आलं होतं. पण मी तिच्या खांद्यावरून नीट बघितलं. बहिणीच्या कानामागं एक खांब होता, तो कुठला ते मला ठाऊक होतं, कारण सत्कार चालले होते तोवर मी त्यालाच टेकून उभी होते. खांब तिकडं, म्हणजे नजर इकडं. बाजूच्या दाराकडं. दुपारपासून मी तो फोटो शंभरदा बघितला होता आणि ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

"तुझ्याकडं, आई," मी म्हटलं. "तू पाठमोरी होतीस."

कॅमेरा मांडीवर ठेवून आई एका पिशवीची गाठ सोडायला लागली, सोडली, पुन्हा बांधली. बाहेर कुणीतरी गाडी पुढं घ्यायला ओरडत होतं.

"तुज्या येळंला मी वळले हुते," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "कुठं वळली होतीस?"

"तुज्या लग्नात. तांब्या हातात तसाच धरला आन् वळून बघितलं. तुजी आत्या बोलंल म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. तुजं तोंड फोटोवाल्याकडं हुतं. मला निस्ता गजरा दिसला."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"म्हनून औंदा म्हटलं, कशाला वळायचं. पोरी कुटं त्या वक्ताला आईकडं बघत्यात." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "ही बघंल आसं वाटलंच न्हाई गं."

मला रडू फुटलं. तिच्यासाठी, माझ्यासाठी, आणि त्या दारापर्यंत जाऊन रिकामी परत आलेल्या माझ्या बहिणीच्या नजरेसाठी. आईनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऊठ आता. तिला वटी भराय बोलवत्यात. आन् आत्याचा दिवा घी आदी, मगापासनं धरून बसलीया बिचारी." कॅमेरा तिनं दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडं दिला.

पाऊस आला नाही. बेदाणा वाचला. बहीण गाडीत बसताना आईला अशी बिलगली की दोघींना सोडवायला आमच्या मामांना यावं लागलं. त्याचा फोटो मी काढला नाही, माझ्या हातात दिवा होता.

बहिणीचा तो फोटो मोठा करून मी आईला दिला. तिनं तो देवघराशेजारी ठेवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारतात, नवरी अशी भलतीकडं का बघती? आई म्हणते, "बघू दे की."

माझा अजून शिरवळच्या भिंतीवर आहे. त्यात मी सरळ समोर बघून हसते आहे. गजरा दिसत नाही.