मित्राची भाकरी माझ्या ताटात

बायकोच्या उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं आणि घरी डबा सुरू झाला. पण डब्यातल्या पोळीनं तिचं पोट भरेना. तिला ज्वारीची भाकरीच लागते. मला चहापलीकडे काही येत नव्हतं, याची लाज वाटू लागली. शेवटी मित्राला सोबत घेऊन नांदेडातल्या एका बाईंकडे स्वयंपाक शिकायला गेलो. बाकी सगळ्या बायाच होत्या.

माझी भाकरी थापतानाच कडेनं चिरली आणि तव्यावर टाकताना दुमडली. मित्राची मात्र टम्म फुगली. तो हात धुवायला गेला, तेवढ्यात मी त्याची भाकरी माझ्या ताटात घेतली आणि माझी त्याच्या ताटात सरकवली.

बाई आल्या. "वा भाऊ, पहिल्याच दिवशी!"

सगळ्या कौतुकानं बघू लागल्या. तेवढ्यात मित्र हात पुसत परत आला.

"ही माझी नाही, याची आहे," मी सांगून टाकलं.

सगळे खदखदून हसले. मित्र ओरडला, "आता वहिनीसाठी रोज मलाच घेऊन जातोस काय रे घरी?"

"न्या की," बाई म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा थापा. पाणी कढत घ्या, पीठ जोर लावून मळा."

तिसरी भाकरी फुगली तेव्हा माझ्याआधी मित्रच नाचला. ती रुमालात गुंडाळून मी घरी आणली. बायकोनं डाव्या हातानं तुकडा मोडून पिठल्याशी खाल्ला.

"लई जाड हाय," ती म्हणाली. मग उरलेली ताटात ओढून घेत म्हणाली, "उद्या दोन करा."