घमेल्यातलं जास्तीचं पाणी

बोका मोरीच्या कोपऱ्यात बसून राहतो, हे पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही जळगावात होतो. तो बसायचा, कण्हायचा, उठून दोन पावलं चालायचा आणि पुन्हा बसायचा. पोट साफ होत नसेल असं समजून तिने त्याला चमचाभर एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं आणि पोटाला हात लावू देईना. मग मी त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे रांगेत बैल होते, म्हशीची एक वगार होती आणि मी होतो. डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं आणि म्हणाले, "संडास नव्हे, याची लघवी तुंबली आहे. उद्या आणला असता तर पिशवी रिकामीच परत न्यावी लागली असती."

त्यांनी बारीक नळी घालून वाट मोकळी केली. लघवीबरोबर रेतीसारखे कण आले. मी ते बोटावर घेऊन चोळून पाहिले. खरोखरच खरखरीत होते.

बोका मुळात आमच्या मुलीचा. तिने तो शाळेच्या मैदानातून उचलून आणला होता आणि लग्न होऊन पहूरला गेली तेव्हा आमच्याकडे ठेवून गेली. सासरी मांजर चालणार नव्हतं. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली ती रडलीच, पण मला म्हणाली, "बाबा, आखाजीला येईन तेव्हा हा दिसला पाहिजे." मी हो म्हटलं. लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवस राहतात. त्या चार दिवसांचा शब्द मी दिला होता. तेव्हा तो सोपा वाटला होता.

त्याच हिवाळ्यात माझी धुळ्याला बदली झाली. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, तेलाच्या मापाला बाहेरून मारलेला पोचा, एका बाजूने झिजवलेली दांडी, हे शोधणं माझं काम. दुकानदार जितक्या आदराने चहा मागवी, तितकं मी तराजूकडे जास्त लक्ष देऊन बघत असे. ही सवय कचेरीत ठेवून घरी येता येत नाही. बायको म्हणायची, "भाजीवाली हसली तरी यांना वाटतं वजनात मारलं."

देवपुरात आम्हाला मागे अंगण असलेलं घर मिळालं. अंगणाला कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे एक साठीची बाई आपल्या मुलाकडे राहत होती. अमळनेरकडच्या खेड्यातली. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. तिची बोली मला पूर्ण कळे, कारण मीही त्याच मुलखातला. पण मी उत्तर कचेरीतल्या मराठीत देई.

उन्हं तापू लागली तशी अक्काने पापड आणि बिबडे घालायला घेतले. अंगणभर जुनी लुगडी पसरून त्यावर ज्वारीचे बिबडे वाळत. आमचा बोका भिंतीवर बसून ते बघे. एके दिवशी तो खाली उतरला आणि लुगड्याच्या मधोमध बसला.

"भाऊ," अक्का भिंतीशी येऊन म्हणाली, "तुमना बोका मना पापडवर मुतना."

"बघतो मी," मी म्हणालो.

"तुम्ही काय बघश्यात. आते परत दिसना तर काही तरी चारी दिसू त्याले."

पुन्हा दिसला तर त्याला काहीतरी चारीन, असं तिने मला स्वच्छ सांगितलं. त्यानंतर दोनच दिवसांनी बोका मोरीच्या कोपऱ्यात बसला.

धुळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर वयाने लहान आणि तोंडाने फटकळ होते. त्यांनी नळी घातली, या वेळी त्यांना बराच वेळ लागला आणि बोका माझ्या हाताखाली थरथरत होता. पुन्हा तेच कण. जळगावातलं दुखणंही मी त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी लघवीत लाल लिटमस कागद बुडवला. तो निळा झाला.

"खायला काय देता?"

"दूध-भाकरी. बाजाराच्या दिवशी थोडी सुकट."

"सुकट बंद. पाणी जितकं जाईल तितकं जाऊ द्या. खाराचं काही पोटात जातं का? सोडा वगैरे?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्या घरातून नाही."

"मग कुठून जातं ते बघा. कागद इतका निळा व्हायला नको. आणि ऐका, दर वेळी नळी घातली की आतली वाट सुजते. आता तुंबला तर मला ती उघडता येईल अशी हमी मी देत नाही."

मी घरी येताना सगळा वेळ एकच विचार करत होतो. धुण्याचा सोडा. कुठल्याही घरात असतो, पांढरा असतो आणि पाण्यात दिसत नाही.

बायकोला मी काही बोललो नाही. आखाजी महिन्यावर आली होती आणि ती आधीच मुलीसाठी साडी बघत होती. मी पांझरेच्या पात्रातून वाळू आणली, उन्हात कडकडीत वाळवली आणि घमेल्यात भरली. बोक्याला तिथेच जायची सवय लावली. घमेलं मी सकाळ-संध्याकाळ तराजूवर चढवत असे. पाण्याची वाटी मोजून भरायची, उरलेलं मोजायचं. उन्हाने किती पाणी उडतं ते कळावं म्हणून शेजारी तशीच दुसरी वाटी चाळणीखाली झाकून ठेवायची. दूध आणि भाकरीतला ओलावाही मी अंदाजाने धरला होता.

"उद्या माझा घामही मोजाल," बायको म्हणाली.

"तू त्याला काही देतेस का, माझ्या नकळत?"

ती पोळ्या लाटायला गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी ते मागितलं नाही.

आठवडाभरात हिशेब उघड झाला. आमच्याकडून बोक्याच्या पोटात जेवढं पाणी जात होतं, त्याच्या जवळजवळ दीडपट वजन घमेल्यात वाढत होतं. वाळू उन्हाने सुकत असूनही. याचा अर्थ एकच होता. तो आणखी कुठेतरी पीत होता.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टूल घेऊन बसलो. बोका उठला, भिंत चढला आणि थेट अक्काच्या माठाखाली गेला. तिथे माठाचं पाणी ठिबकायचं, त्याखाली एक खापर ठेवलेलं होतं. तो प्यायला. बराच वेळ प्यायला. आमच्या वाटीशी तो इतका वेळ कधीच थांबत नसे. मग अक्का आतून आली. तिने त्याला हाकललं नाही. पदराची गाठ सोडून चिमटीत काहीतरी पांढरं घेतलं, खापरात टाकलं आणि बोटाने ढवळलं.

मी बायकोला बोलावून दाखवलं.

"मग जाऊन विचारा तिला," ती म्हणाली.

"विचारलं की माल आत जातो. पुरावा हाती असल्याशिवाय विचारायचं नसतं."

"ती दुकानदार आहे का?"

संध्याकाळी अक्का भाजी आणायला गेली तेव्हा मी भिंतीवरून वाकून ते खापर काठीने ओढून घेतलं. तळाशी आणि कडेला पांढरा थर होता. त्यावर लिंबू पिळलं. थर फसफसला. सोडा, मी मनात म्हणालो. पण तराजू तपासताना आपली वजनंही तपासून घ्यावी लागतात. म्हणून मी आमच्या स्वतःच्या वाटीच्या कडेला धरलेल्या पांढऱ्या रेषेवरही लिंबू पिळलं. तीही फसफसली. देवपुरातलं बोअरचं पाणी इतकं जड की त्याचा क्षारच तसा. म्हणजे माझा पुरावा शून्य. मी खापर जागच्या जागी सरकवलं.

आखाजी चार दिवसांवर आली. मुलीचा निरोप आला की ती एस.टी.ने येते आहे. त्याच सकाळी बोका मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. थेंब येत होते, पण थेंबच. घमेल्याचं वजन रात्रीपासून जेमतेम हललं होतं. बायको पदर तोंडाला लावून उभी होती. मी चप्पल न घालताच भिंतीशी गेलो.

"अक्का, तुम्ही आमच्या बोक्याला पाण्यातून काय घालता?"

ती बिबडे उलटत होती. मान वर न करता म्हणाली, "पापडखार."

मी काहीतरी वेगळं ऐकायची तयारी करून गेलो होतो.

"का?"

"का म्हणजे? त्याले उन्हाळी लागेल शे. बठ्ठा दिन कण्हस. तुमले दिसत नही, तुम्ही नुसता वाळू तोलतस. बठ्ठी गल्ली हसस. म्हटलं त्यानी उन्हाळी जाई तर मना पापड वाचतीन."

बोक्याला उन्हाळी लागली आहे, तो दिवसभर कण्हतो आणि तुम्ही नुसती वाळू तोलता, असं ती मला सांगत होती. त्यात खोटं काही नव्हतं. लघवीची जळजळ झाली की आमच्या सगळ्या घरांत चिमूटभर सोडा नाहीतर खार पाण्यातून देतात. माझ्या आईने मला दिला होता. माणसाला त्याने बरं वाटतं. आणि ज्या बाईने चारीन म्हणून दम दिला होता, ती पापड वाचवायला औषध देत होती.

मी तिच्याकडून चिमूटभर खार कागदात घेतला आणि बोक्याला पिशवीत घालून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून दाबून बरीचशी लघवी काढली. वाट पूर्ण बंद झाली नव्हती. खार बघून आणि माठाखालच्या पाण्याची हकीकत ऐकून ते म्हणाले, "हेच. याने लघवी अल्कधर्मी होते आणि ते कण वाढतात. उलट ती आंबट व्हायला हवी." त्यांनी चुरून द्यायच्या आंबट गोळ्या दिल्या.

"म्हणजे त्या बाईमुळे तो दोनदा अडकला," मी म्हणालो.

"जळगावात अडकला तेव्हा ही बाई होती का?"

"नव्हती."

"मग तेवढं तिच्या नावावर मांडू नका. आणि तिच्या माठाखालचं पाणी बंद करू नका. मांजरं कमी पितात. हा तिच्याकडे पितो, तर पिऊ द्या. खार तेवढा बंद करायला सांगा."

हेच मला नको होतं. बोक्याला तिच्या हवाली करायचं आणि तिच्या शब्दावर विसंबायचं. मी तसंच खापर कुंभाराकडून आणून आमच्या माठाखाली ठेवून पाहिलं. बोक्याने ते हुंगलं आणि भिंत चढून गेला.

अक्काला मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"ढोरस्ना डाक्टर तो," ती म्हणाली. "त्याले उन्हाळी काय कळस."

"अक्का, आता अडकला तर तो मरेल. माझी मुलगी परवा येते आहे. तिला मी शब्द दिला आहे."

तिने हात पुसले. "बरं. नही टाकस," ती म्हणाली.

ती टाकणार नाही म्हणाली, पण मला ते पुरेना. त्या संध्याकाळी ती आत गेल्यावर मी भिंतीवरून वाकलो, खापर काठीने जवळ ओढून त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खाराची चव जिभेला लगेच कळते. काही कळली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी मी बोट तोंडात घातलं आणि समोर अक्का उभी.

"चव कशी शे, भाऊ?"

"अक्का, माझी सवय आहे ती. राग मानू नका."

"चहा ठेऊ का सोबत?"

मी घरात आलो. बायकोने सगळं पाहिलं होतं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मुलगी आली तेव्हा बोका घरात नव्हता. ती बॅग टेकवून आधी मोरीत, मग खाटेखाली, मग अंगणात शोधत गेली. मी मागोमाग गेलो. भिंतीपलीकडे तो माठाखाली पीत होता.

"हा आता इथेच राहतो का?" मुलीने विचारलं.

"तुना बाप त्यानं वजन करस, मी पानी देस," अक्का म्हणाली. "तू कोठे लांबे ऱ्हातीस, तुले काय माहीत."

मुलगी भिंत ओलांडून गेली आणि त्याला उचलून घेतलं. त्याने तिला ओळखलं की नाही ते मला सांगता येणार नाही. तो अंग सैल सोडून तिच्या खांद्यावर पडून राहिला. त्या दिवशीचं घमेलं मी तोललं. वजन चांगलं वाढलं होतं.

बोका त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. एकदा पावसाळ्यात पुन्हा मोरीत बसला, पण गोळ्यांवर निभावलं. त्या वेळी अक्का गावी गेली होती, त्यामुळे तेही तिच्या नावावर मांडता आलं नाही.

पण आखाजीनंतर तिने एक नवीन पद्धत सुरू केली होती. सकाळी मी अंगणात दात घासायला आलो की ती तांब्या घेऊन माठाशी येई. आधी तांब्यातलं घोटभर पाणी स्वतः पिई. माझ्याकडे बघत, सावकाश. मग उरलेलं खापरात ओती आणि बोक्याला हाक मारी. मी मान हलवत असे. आणि ती आत गेली की कधीकधी, रोज नाही, मी बोट बुडवून बघत असे.