तीन दिवसांचं बूच

अख्ख्या वसई तालुक्यात तीन दिवस गप्प बसून वाट पाहू शकणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आमचे बाटलीवाले सर. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ते नायगावच्या आमच्या सोसायटीतलं शुद्ध केलेलं सांडपाणी हौसेनं तपासत. पाणी दोन बाटल्यांत भरायचं, काचेचं बूच लावायचं, ऑफिसातल्या ठरावीक उबेच्या कपाटात ठेवायचं आणि तिसऱ्या दिवशी आतला ऑक्सिजन किती उरला ते मोजायचं. जितका कमी उरला, तितकी पाण्यात घाण जास्त. भरताना बुडबुडा दिसला की सर बाटली ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. एकदा त्यापायी चर्चमधली सकाळची मिस्सा बुडाली, तर फादरांना त्यांनी कारण सांगितलं, "बुडबुडा." मी सेक्रेटरी, म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे. कुलूप लावून ती परत देताना सर दर वेळी बजावत, "आत सूक्ष्मजीव जेवायला बसलेत. पंगतीत डोकावायचं नाही."

त्या आठवड्यात मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. निकाल चांगला आला तर सोमवारपासून आमचं पाणी सरांच्या भावाच्या वाडीत, केळींना जाणार होतं. त्या वाडीतल्या विहिरीचं पाणी त्यांच्या घरात अजून पितात. भाऊ रोज विचारी, "पानी सोमवारी येनार ना?" सभासद तर जिन्यात गाठत. दुसऱ्या दिवशी मला राहवेना. कपाट उघडलं, दोन्ही बुचं काढली, बाटल्या हलवून वास घेतला आणि बुचं परत लावून टाकली.

तिसऱ्या दिवशी सरांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "इतकं स्वच्छ? आपल्या सोसायटीचं?" सभासदांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ दारात हसत उभा. सरांनी सहीसाठी पेन उघडलं. हवा आत गेली की निकाल खोटाच चांगला येतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

"सर, बुचं मी काढली होती."

सरांनी पेन बंद केलं. मला वाटलं, आता छडी.

"पुन्हा तीन दिवस," ते म्हणाले. "बुडबुडा कधी स्वतःहून सांगत नाही. तुम्ही सांगितलंत."

दुसऱ्या खेपेचा आकडा वाईट निघाला. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीची दुरुस्ती निघाली, भावाची विहीर वाचली, सभासद महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे सर लेकीकडे परदेशात गेले, बाटल्या माझ्याकडे आल्या, तरी दर तपासणीच्या दुसऱ्या दिवशी फोन यायचा, "बूच काढलं नाही ना?"

गेल्या वर्षी सर वारले. बाटल्या अजून मीच भरतो. दुसऱ्या दिवशी कपाटाशी जातो, किल्ली खिशातच ठेवतो आणि हळूच सांगतो, "नाही, सर."