पुढच्या चतुर्थीचा चंद्र

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर समुद्रातून चंद्र वर आला आणि आम्ही सगळ्यांनी हौसेनं मोबाइल उचलले. शेजारचा गृहस्थ मात्र ट्रायपॉडवर वाकून, बिलं भरावीत तशा चेहऱ्यानं फोटो काढत होता. एकदाही त्यानं मान वर करून चंद्र पाहिला नाही.

आमचं मराठी ऐकून तोच बोलायला लागला. पुण्यात आई अंथरुणाला खिळलेली. खिडकीसमोर टॉवर उभा राहिलाय. त्यामुळे संकष्टीला ती यानं पाठवलेल्या फोटोतला चंद्र बघून उपास सोडते.

"पण आत्ता तिकडे पहाट झाली असेल," मी म्हटलं.

"म्हणून तर मागच्या महिन्याचा पाठवतो. चतुर्थीचा चंद्र सारखाच दिसतो. आजचा पुढच्या वेळी."

"एकदा जाऊन का येत नाही?"

"गेलो आणि परतीच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर नोकरी गेली."

"फोटो जुना असतो हे आईंना कळत नसेल ना?"

लेन्सवर झाकण लावत तो कडवट हसला. "न कळायला काय झालं? दर वेळी लिहिते, दिसला रे चंद्र, जेवते आता. तुझ्याकडे भर दुपार ना? उन्हात फिरू नकोस."