बर्फातल्या माणसाचं पान

टायपिंगच्या क्लासात मशीन मोकळं मिळालंय, तवर पटापट सांगून टाकते. बोटं थांबली की अजून अंगावर काटा येतो बघा.

माझे थोरले काका चीनच्या लढाईत गेले, ते बर्फातच राहिले. प्रेत मिळालं न्हाई, नुसतं बेपत्ता म्हणून कळवलं. त्यामुळं काकीचं कुंकू तसंच राहिलं. पितृपक्षात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी म्हाळ घालतात, तेव्हा आज्जा-पणज्याचं पान वाढलं जायचं, काकांचं न्हाई. जित्या माणसाचं पान वाढायचं नसतं. दर वर्षी बाबा हळूच विचारायचे, "वैनी, औंदा वाढूया का?"

"मी मेल्यावर वाढा," काकी म्हणायची. विषय बंद.

गेल्या पावसाळ्यात मी वाचनालयातनं एक चरित्र आणलं. आयर्लंडचा माणूस, दक्षिण ध्रुवाकडं निघालेला. काय सांगू, येडंच केलं त्यानं मला! जहाज बर्फात अडकलं, चिरडलं, बुडालं. माणसं बर्फावरच तंबू ठोकून राहिली. घरच्यांना काही म्हंजे काही पत्ता न्हाई. आणि तरीबी त्यानं जहाजावरची आपली सगळी माणसं जित्ती परत आणली! मी रोज दुपारी काकीला वाचून दाखवायची. ती गवारीच्या शेंगा मोडत ऐकायची.

"खात काय हुते गं?"

"सील मारून खायचे. शेवटी कुत्रीबी खाल्ली."

"बरं झालं. उपाशी तरी न्हाई ऱ्हायले."

ती कुणाचं विचारतीय ते मला कळत हुतं की. म्हणून मी अजून जोरात वाचायची.

एके दिवशी वाचलं, मदत आणायला तिघंजण एका बेटावरचा बर्फाचा डोंगर ओलांडून चालले आणि वाटभर त्यांना वाटत राहिलं, आपण चौघं हाय. तेव्हा कुणीच कुणाला बोललं न्हाई.

काकीचा हात थांबला. "चौथा कोण?"

"कुणालाच कळलं न्हाई गं."

"ज्याला कळायचं त्याला कळलं असंल."

मग शेवट आला. तो परत तिकडंच गेला आणि त्याच बेटापाशी जहाजावर मेला. प्रेत घराकडं निघालेलं, तर बायकोनं निरोप धाडला, त्याला तिथंच ठेवा. काकीनं मोडलेल्या शेंगा पाटीत टाकल्या आणि उठून आत गेली.

सर्वपित्रीला सकाळी ती आईला म्हणाली, "आज ह्यांचं पान वाढ."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. "आक्का, अहो..."

"वाढ म्हटलं न्हवं? आणि खीर कडकडीत घाल. बर्फात हाईत."

आम्ही चौघं गच्चीवर गेलो. आज्ज्याच्या पानावर लगेच कावळे तुटून पडले. काकांच्या पानाकडं एक फिरकंल तर शपथ! बाबा हात जोडून म्हणाले, "दादा, वैनीला अंतर देणार न्हाई." कायबी न्हाई. आई म्हणाली, "आक्कांना कामाला लावत न्हाई बघा." कायबी न्हाई.

मग काकी पुढं झाली. "तिथंच ऱ्हावा," ती पानाला म्हणाली. "आमचं बरं चाललंय."

कठड्यावरनं एक कावळा खाली उतरला. पानापर्यंत आला आणि थांबला. पण तो पानाकडं बघत न्हवता. आम्हा चौघांच्या मागं बघत हुता. मी वळून बघितलं, नुसता ओला जिना. तेवढ्यात कावळा उडून गेला.

काकीनं खिरीला बोट लावलं. "गार झाली," म्हणाली, आणि पान उचललं.

पुढं बाबा, मग आई, मग पान घेतलेली काकी, शेवटी मी. जिन्याच्या तोंडाशी मी दाराची कडी धरली, ओढणार एवढ्यात काकी पाठमोरीच बोलली.

"लावू नगंस गं. मागनं येत्यात."

दार अजून उघडंच असतं. पाऊस जिन्यात येतो. बाबा पोत्यानं पायऱ्या पुसतात आणि तसंच उघडं ठेवून खाली येतात.