दोन्ही डोळे सारखे

आमच्या ह्यांना वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं दिसलं तरी ह्यांचा घास अडतो. फोटो स्टुडिओवाल्याला ही खोड असायचीच, म्हणून सत्तावीस वर्षं मी हसण्यावारी नेलं. ओळखपत्राच्या फोटोला आलेल्याची हनुवटी दोन बोटांनी सरळ करतील, आणि तो गेला की कॉम्प्युटरवर त्याचे कान सारखे करतील.

"अहो, देवाने दिलेत ते कान. तुम्ही कशाला नाक खुपसता?"

"देवाचा हात हलला असेल," म्हणतात.

माझा डावा डोळा पुढे आणि जरा खाली आलाय, हे चष्मेवाल्याने सांगितलं. दुखत नव्हता, काही नाही. रोज आरशात बघणाऱ्याला काय कळतं! स्कॅनमध्ये भुवईखाली, खोबणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात, अश्रूंच्या ग्रंथीत गाठ निघाली.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. "अशी गाठ क्वचितच दिसते. साधी असेल तर तिला सुईसुद्धा लावायची नाही, अख्खी काढायची. फुटली तर उरलेले कण पुन्हा वाढतात. पण वाईट असेल तर आधी तुकडा तपासायलाच हवा. स्कॅनवरून नक्की ठरत नाहीये. हळूहळू, वर्षानुवर्षं वाढलेली असेल तर बहुतेक साधी; काही महिन्यांतच वाढली असेल तर वाईटाची शंका. जुने फोटो आणा, डोळा कधीपासून सरकलाय ते बघू."

मी म्हटलं, फोटोंना काय तोटा! ह्यांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटर उघडला. सात वर्षांचे माझे फोटो, आणि प्रत्येकात दोन्ही डोळे अगदी एका रेषेत.

"मूळचे कुठायत?"

"त्यांच्यावरच सेव्ह करतो. जागा पुरत नाही गं."

दुसऱ्या कोणी काढलेला एखादा? फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो दुसरं कोण काढणार, कपाळ! नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये सापडले ते सगळे घोळक्यातले, माझा चेहरा मोहरीएवढा.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं?" माझा आवाज चढला. "आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत?"

"मला वाटलं, तू मान तिरकी धरतेस. हात आपोआप जातो." मग म्हणाले, "एक तरी फोटो बिघडायला हवा होता." आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मला इतका राग आला होता, आणि तो काढायचीही सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी हे डॉक्टरबाईंसमोर मान खाली घालून बसले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आठवून सांगा, डोळा सारखा करायला कधी लागलात? आता तुमच्या सांगण्याचाच आधार आहे."

ह्यांनी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तीन वर्षं झाली असतील," म्हणाले.

डॉक्टरबाईंनी लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात हे माझ्याकडे वळले.

"की दहाच महिने झाले, गं?"

पेन थांबलं. दोघंही माझ्याकडे बघत होते. मला कुठे माहीत होतं!